हेल्मेटवरच्या नाइट व्हिजनला दोरी कोणती बांधावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे: पीव्हीएस-१४, म्हणजे एका डोळ्याचं नाइट व्हिजन यंत्र, नवीन घेतली आहे, सोबत साधं बंप हेल्मेट (गोळी न अडवणारं, हलकं), तीन स्क्रूंचा श्राउड (हेल्मेटच्या कपाळावरची बैठक) आणि तिच्यात बसणारा, वर दुमडणारा माऊंट. टेक्सासमधल्या ओळखीच्या रँचवर रात्री रानडुकरांच्या मागे जायचं आहे. यंत्र पडू नये म्हणून बांधायला बाजारात दहा डॉलरच्या पॅराकॉर्डपासून (पॅराशूटच्या बारीक नायलॉन दोरीपासून) चाळीस डॉलरच्या वेटोळ्या लॅनयार्डपर्यंत (तयार बांधदोरीपर्यंत) सगळं दिसतं. यातलं सर्वांत मजबूत कुठलं?

मजबूत सगळीच आहेत. मी टेक्सासमध्येच ही यंत्रं भाड्याने देतो आणि दुरुस्त करतो. दोरी तुटली म्हणून फुटलेलं यंत्र माझ्या टेबलावर क्वचितच येतं. येतात ती दोरी असूनही फुटलेली. दोरी धड, क्लिप धड, आणि भिंगाच्या कडेला मात्र दगडाचा ठसा. तेव्हा ताकदीचा आकडा सध्या बाजूला ठेवा. दोरी कुठून कुठे जाते, किती लांब आहे आणि सुटायची वेळ आली तर कुठे सुटते, हे ठरलं की उरलेला प्रश्न पाच मिनिटांचा आहे.

आधी एक गैरसमज. या विषयावरचा बहुतेक सल्ला सैन्यातून आलेला आहे आणि तो तसाच्या तसा तुम्हाला लागू होत नाही. अमेरिकी सैन्यात नाइट व्हिजन 'सेन्सिटिव्ह आयटम' मानतात. एक हरवलं तर अख्खी तुकडी रांग धरून रान विंचरत बसते. म्हणून तिथे पॅराकॉर्डचा तुकडा घेऊन जे दिसेल ते अंगाला बांधून टाकायची सवय असते. या दोरीला ते डमी कॉर्ड म्हणतात. सैनिकाला धाक हरवण्याचा असतो. यंत्र सरकारी असतं आणि फुटलं तर ते बदलून देणारं खातं असतं. तुमचं उलट आहे. कुंपण घातलेल्या रँचवर यंत्र हरवलं तर सकाळी सापडेल. फुटलं तर तीन-साडेतीन हजार डॉलर तुमच्या खिशातून जातील. छातीपर्यंत लोंबणारी दोरी यंत्र हरवू देणार नाही, पण ते रायफलवर, बेल्टच्या बकलवर आणि तुमच्या दातांवर आपटू मात्र खुशाल देईल.

आता तो ताकदीचा हिशेब एकदा करून टाकू, म्हणजे पुन्हा त्याकडे वळायला नको. पीव्हीएस-१४ बॅटरीसकट साधारण साडेतीनशे ग्रॅमची. तिला माऊंटशी जोडणारा वाकडा दांडा, म्हणजे जे-आर्म, धरून अर्धा किलो म्हणू. ती २० सेंटिमीटर खाली पडली तर तिच्यात सुमारे १ ज्यूल ऊर्जा येते. न ताणणाऱ्या दोरीने तिला १ सेंटिमीटरच्या आत थांबवलं, तर सरासरी झटका दहा किलोच्या आसपास बसतो. तीच दोरी थोडी ताणली जाऊन ५ सेंटिमीटरमध्ये थांबवत असेल, तर झटका अडीच किलोवर येतो. सह्याद्रीत रोप धरलेल्यांना हे सांगायची गरज नाही. न ताणणाऱ्या स्टॅटिक आणि ताणणाऱ्या डायनॅमिक रोपचा हाच फरक. आणि पॅराकॉर्ड? टाइप थ्री म्हणजे ५५० पौंडांची, सुमारे २५० किलोंची. गाठीमुळे निम्मी ताकद गेली असं धरलं तरी सव्वाशे किलो उरतात. दहा किलोच्या झटक्यासाठी.

म्हणजे पडताना दोरी तुटत नाही. मग यंत्र खाली येतं कसं?

यंत्रापासून तुमच्या डोक्यापर्यंतचे सांधे मोजा. पीव्हीएस-१४ एका अंगठ्याने फिरवायच्या स्क्रूने जे-आर्मला लागते. जे-आर्म डव्हटेलने (एकमेकांत सरकून बसणाऱ्या खोबणीने) किंवा जुन्या पद्धतीच्या खाचेने माऊंटमध्ये बसतो. माऊंट एका खटक्याने श्राउडमध्ये अडकतो. श्राउड स्क्रूंनी हेल्मेटवर. हेल्मेट हनुवटीच्या पट्ट्याने डोक्यावर. यातले पहिले तीन सांधे मुद्दाम सहज सुटतील असेच बनवलेले आहेत, नाहीतर अंधारात यंत्र काढता-घालता येणार नाही. आणि जे मुद्दाम सहज सुटतं ते कधीतरी नको तेव्हाही सुटतं: डव्हटेल अर्धाच बसलेला, खटका 'टक्' वाजलाच नाही, अंगठ्याचा स्क्रू गाडीच्या हादऱ्यांनी हळूहळू सैल झालेला. स्वस्त प्लॅस्टिकचा, एअरसॉफ्टचा (खेळण्यातल्या बंदुकांच्या खेळाचा) श्राउड असेल तर चौथा सांधाही या यादीत धरा.

आता बाजारातल्या तयार लॅनयार्डकडे बघा. कितीतरी लॅनयार्ड माऊंटपासून श्राउडपर्यंत जातात. काही श्राउडमध्ये तर दोरी आतच गुंडाळलेली येते, तिचं टोक ओढून माऊंटला अडकवायचं. दिसायला फार नीटनेटकं. पण ती दोरी फक्त एकच सांधा राखते: माऊंट आणि श्राउडमधला. यंत्र जे-आर्मवरून सुटलं किंवा जे-आर्म माऊंटमधून निसटला, तर दोरी माऊंटला इमानदारीत धरून राहते आणि यंत्र जमिनीवर जातं. 'दोरी असूनही फुटलं' म्हणतात ती बहुतेक प्रकरणं हीच.

म्हणून दोरीचं एक टोक यंत्राच्या धडाला आणि दुसरं थेट हेल्मेटला हवं. मधल्या कुठल्याही भागाला ती बांधलेली नको.

धडाला म्हणजे नेमकं कुठे? पीव्हीएस-१४ सोबत गळ्यात घालायची दोरी येते, ती ओवायच्या जागी. दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर अशी जागा नसेल तर धडाभोवती, जिथून फास घसरणार नाही अशा खाचेत, गर्थ हिच (दोरीचा फास स्वतःतूनच ओवून घेतलेली गाठ) टाकून आवळा. पुढच्या भिंगाच्या फोकसच्या कड्याला बांधू नका, ते कडं फिरतं आणि शेवटी निघून येतं. डोळ्याच्या रबराला तर नाहीच. बॅटरीच्या टोपणाला जी बारीक दोरी असते ती टोपण हरवू नये म्हणून असते, यंत्राचं वजन पेलायला नाही. हे सांगावं लागू नये असं मला वाटायचं, पण तिथे अडकवलेली क्लिप मी पाहिली आहे.

हेल्मेटकडचं टोक बाजूच्या रेलच्या (हेल्मेटच्या कडेला सामान अडकवायच्या पट्टीच्या) खाचेत, किंवा रेल नसलेलं बंप हेल्मेट असेल तर त्याच बाजूच्या हवेच्या भोकातून ओवून. गाठ बाहेर ठेवा. आत राहिली तर तासाभरात कपाळाला वळ उठतो आणि मग माणूस हेल्मेट ढिलं करतो, म्हणजे पाचवा सांधाही गेला. गोळीरोधक हेल्मेटला दोरीसाठी नवीन भोक कधीही पाडू नका.

बाजू कुठली, तर यंत्र ज्या डोळ्यावर आहे तीच. उजव्या खांद्याने नेम धरणारे बहुतेक लोक यंत्र डाव्या डोळ्यावर ठेवतात. अशा वेळी दोरी डाव्या रेलवर, कानशिलाच्या जरा पुढे. मग सुटलेलं यंत्र गालाच्या बाहेरच्या बाजूला लोंबतं. दोरी समोर मधोमध, श्राउडच्या वर बांधली तर तेच यंत्र नाकावर झुलतं आणि चालत्या माणसाला झुलणारं अर्धा किलो वजन म्हणजे गुद्दाच.

लांबी ठरवायची युक्ती अगदी साधी आहे. हेल्मेट घाला, यंत्र बसवा, माऊंट वर दुमडा. बहुतेक मांडणीत दोरीला सर्वांत जास्त अंतर इथेच कापावं लागतं. त्या स्थितीत दोरी ताणली जाऊ नये, पण दोन बोटांपेक्षा जास्त ढिलीही नको. मग यंत्र डोळ्यासमोर घ्या आणि दोरी नजरेच्या आड राहते ना ते बघा. शेवटी यंत्र हाताने धरूनच माऊंटमधून काढा आणि दोरीवर लोंबू द्या. ते हनुवटीच्या वरच थांबलं पाहिजे. गळ्याच्या हाडापर्यंत येत असेल तर दोरी लांब आहे, मग ती कितीही महागाची असो. डोकी वेगळी, हेल्मेटं वेगळी, म्हणून सेंटिमीटरमध्ये आकडा देत नाही. ठरावीक लांबीची तयार दोरी विकत घेण्यापेक्षा लांबी बदलता येणारी घ्या किंवा स्वतः बांधा, एवढाच त्याचा अर्थ.

चाळीस डॉलरच्या वेटोळ्या दोरीबद्दल विचारलंत. जुन्या टेलिफोनच्या वायरीसारखी ती आकसून बसते, लोंबत नाही, फांदीत कमी अडकते, हे खरं. पण ती ताणली की परत येते आणि परत येते ती तुमच्या तोंडाकडे. शिवाय पूर्ण ताणल्यावर तिची लांबी अनेकदा छातीच्या खाली जाते. पिस्तुलासाठी ती चांगली वस्तू आहे. डोळ्यासमोरच्या यंत्रासाठी मी घेणार नाही. ओळखपत्राच्या चकतीसारख्या, आपोआप गुंडाळणाऱ्या रीलबद्दलही तेच: तिची स्प्रिंग दोरी गोळा करते, झटका शोषत नाही.

काही जण म्हणतात, हेल्मेटला आधीच बंजी आहेत, वेगळी दोरी कशाला? हेल्मेटच्या बाजूंनी पुढे येऊन माऊंटला अडकणाऱ्या त्या दोन रबरी दोऱ्यांचं काम माऊंट मागे खेचून धरायचं, म्हणजे चालताना चित्र हलत नाही. ते काम त्या छान करतात आणि बंप हेल्मेटवर तर त्यांनी खूप फरक पडतो. पण त्यांचे हूक ताणावर टिकून असतात. माऊंट श्राउडमधून निघाला की ताण जातो आणि हूक गळून पडतात. बंजी ठेवाच, फक्त तिला लॅनयार्ड समजू नका.

आता खरा वादाचा मुद्दा: दोरीने तुटावं की तुटू नये?

टेक्सासचं रान म्हणजे मेस्कीट, आपल्याकडच्या वेड्या बाभळीच्या कुळातलं काटेरी झाड. फांद्या बरोबर डोक्याच्या उंचीवर. त्यात काटेरी तारांची कुंपणं आणि बहुतेक रँचवर उघडी चारचाकी बग्गी. चालत्या बग्गीत यंत्र फांदीत अडकलं आणि ते अडीचशे किलोंच्या दोरीने हेल्मेटला, हेल्मेट पट्ट्याने हनुवटीला बांधलेलं असेल, तर पुढचं सगळं तुमच्या मानेवर येतं. वैमानिकांच्या बाबतीत हा विचार फार आधी झाला. हेलिकॉप्टर वैमानिकांचं एएन/एव्हीएस-६ हे यंत्र १० ते १५ जीच्या (गुरुत्वाकर्षणाच्या दहा ते पंधरा पट) धक्क्याला हेल्मेटवरून आपोआप सुटेल असंच बनवलेलं आहे, कारण आपटताना डोक्यावर पुढे लोंबणारं वजन मान मोडतं. चांगल्या माऊंटमध्येही धक्क्याला सुटायचं की घट्ट धरायचं, हे निवडायचा खटका असतो. पण माऊंट सुटण्यावर ठेवायचा आणि वर पक्की आखूड दोरी बांधायची, म्हणजे एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने काढून घेतल्यासारखं.

मी मधला मार्ग काढतो: दोरी पक्की, पण तिच्यात एक जाणूनबुजून कच्चा दुवा. लष्करी प्रतीच्या टाइप थ्री पॅराकॉर्डच्या आत साधारण सात धागे असतात. त्यातला एक धागा नवा असताना सुमारे १५ किलो पेलतो, गाठ मारल्यावर त्याहून बराच कमी. असा एकेरी धागा हेल्मेटकडच्या टोकाशी जोडायचा आणि यंत्राच्या बाजूला ८-१० सेंटिमीटरचा इलॅस्टिकचा तुकडा. इलॅस्टिकमुळे पडण्याचा झटका अडीच-तीन किलोंवर राहतो, तो धागा आरामात सोसतो. फांदीचा हिसका बसला तर धागा तुटतो आणि यंत्र फांदीवर राहतं, तुमची मान तुमच्याकडे. इथे इलॅस्टिक आखूडच हवं. लांब घेतलं की वेटोळ्या दोरीचा दोष परत आला.

बाजारातल्या रंगीत पॅराकॉर्डचा धागा काय पेलेल याचा मात्र भरवसा नाही. विमानतळावर बॅग तोलायचा हातातला काटा असतो ना, त्याला धागा बांधून ओढून बघा. तुटताना आकडा ८ ते १२ किलोंच्या मध्ये यावा. आणि पूर्ण दोरी बांधून झाली की यंत्राऐवजी अर्ध्या लिटरची पाण्याने भरलेली बाटली बांधा, हेल्मेट खुर्चीच्या पाठीवर पक्कं करा आणि बाटली श्राउडच्या उंचीवरून सोडा. बरेचदा सोडा. बाटली किती खाली जाते, किती वर उसळते आणि गाठ सरकते का, या तीन गोष्टी बघून जे कळतं ते कुठल्याही जाहिरातीत कळत नाही.

कच्चा दुवा सगळीकडे नको. बोटीवर असाल तर पाण्यात गेलेलं यंत्र परत येत नाही. तिथे पक्की दोरी आणि सुटणार नाही असा माऊंट. दोराने कडा उतरत असाल तर खाली उभ्या माणसाचा विचार आधी, तिथेही पक्कीच. तुमच्या बाबतीत पायी आणि बग्गीत जायचं आहे, म्हणून कच्चा दुवा हवाच. आणि गळ्यातली दोरी? यंत्र हातात धरून वापरता तेव्हा जरूर घाला. हेल्मेटवर चढवलं की ती काढून खिशात. कुंपण ओलांडताना गळ्यात न तुटणारा फास असू नये.

क्लिपवर फार खर्च करू नका. धातूची क्लिप खणखणते आणि भिंगाला घासते. प्लॅस्टिकचं छोटं, दोन्ही बाजूंनी दाबून सुटणारं बकल हेल्मेटकडच्या टोकाला ठेवा, यंत्राच्या टोकाला क्लिप नको, नुसता फास. म्हणजे यंत्र पिशवीत जाताना दोरीसकट जातं आणि अंधारात शोधायला एकच जोड राहतो. बकलमुळे यंत्र सोबत्याला बघायला देणंही सोपं होतं, आणि इथे एक सूचना. अमेरिकेत ही यंत्रं निर्यात नियमांखाली येतात. नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड नसलेल्या मित्राच्या हातात देण्याआधी विक्रेत्याने दिलेला कागद नीट वाचा. 'जुन्नरला बिबट्या दाखवायला घेऊन जातो' म्हणणारेही मला भेटतात. परवान्याशिवाय हे यंत्र देशाबाहेर नेणं गुन्हा आहे, चेक-इन बॅगेत असो की हातात. त्यातली प्रतिमावर्धक नळी हीच मुळात लष्करी वस्तू आहे. भारतीय सैन्यासाठी तशा नळ्या आपल्या पुण्यात, भोसरी एमआयडीसीत बीईएलची (भारत इलेक्ट्रॉनिक्सची) उपकंपनी बनवते.

दोन यंत्रं एका ब्रिजवर (जोडपट्टीवर) जोडून दोन्ही डोळ्यांना लावायचा बेत पुढेमागे होतोच. तेव्हा दोन दोऱ्या लागतील, प्रत्येक यंत्राला एक. ब्रिजला बांधलेली दोरी ब्रिजलाच वाचवते. पीव्हीएस-३१ सारखं बॅटरीची डबी हेल्मेटच्या मागे असलेलं यंत्र घेतलंत तर दोरी वायरीपेक्षा आखूड हवी. नाहीतर यंत्र सुटल्यावर सगळा भार वायर आणि तिच्या कनेक्टरवर येतो, आणि तो कनेक्टर बदलणं हे लॅनयार्डच्या किमतीच्या कितीतरी पट महाग काम आहे.

रंगाबद्दल कुणी विचारत नाही, म्हणून सांगतो. दिवसा काळी दिसणारी नायलॉनची दोरी अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाशात पांढरीफटक दिसू शकते. रंग डोळ्यासाठी दिलेला असतो, त्या प्रकाशासाठी नाही. पीव्हीएस-१४ चा आतला अवरक्त दिवा लावा आणि घरातल्या अंधारात दोरी समोर धरून बघा. चमकत असेल आणि नजरेच्या कडेला येत असेल तर रात्रभर डोळ्याच्या कोपऱ्यात एक धूसर पट्टा नाचत राहील. दुसरी दोरी घ्या, किंवा रेलच्या खालून फिरवा. नायलॉनची टोकं काडीने वितळवून बंद करा. डायनीमा (फार मजबूत, गुळगुळीत कृत्रिम दोरी) वापरणार असाल तर ती ताणत नाही आणि तिच्यावर साध्या गाठी घसरतात, हे लक्षात घ्या. या कामाला मला ती पटत नाही. फास बंद करायला डबल फिशरमनची गाठ, बाहेर राहिलेली शेपटी निदान बोटाच्या दोन पेरांएवढी.

आणि क्रम. यंत्रं डोक्यावरून जितकी पडतात त्याहून जास्त हातातून पडतात: पिकअपच्या मागच्या फळीवर बसून, हातमोजे घालून, अंधारात डव्हटेल शोधताना. तेव्हा दोरी लावलेली नसेल तर बाकी सगळी अक्कल वाया. यंत्र पिशवीतून बाहेर आलं की आधी बकल, मग माऊंट. काढताना आधी माऊंटमधून, मग पिशवीत ठेवून, आणि बकल सर्वांत शेवटी. घरी डोळे मिटून हे इतक्यांदा करा की 'टक्' ऐकल्याशिवाय हात यंत्र सोडणार नाही. बसवल्यावर एकदा खाली आणि एकदा पुढे ओढून बघायचं, जोरात.

तुमच्या मांडणीसाठी मी काय करेन ते सांगतो. दहा डॉलरची पॅराकॉर्ड घ्या, चाळीसवाली राहू द्या. वाचलेल्या पैशांतून पुढच्या भिंगासमोर लावायची जादाची काच घ्या. फांदीचा ओरखडा तिच्यावर गेला तर ती बदलता येते. यंत्राच्या धडाला गर्थ हिच, आखूड इलॅस्टिक, पॅराकॉर्ड, एका धाग्याचा कच्चा दुवा, बकल, डावी रेल किंवा रेल नसेल तर त्या बाजूचं हवेचं भोक. धागा महिन्या-दोन महिन्यांनी बदलत जा, तो घासून झिजतो. माऊंट धक्क्याला सुटण्यावर ठेवा. पहिल्या रात्रीआधी श्राउडचे तिन्ही स्क्रू काढून निळं लॉकटाइट (स्क्रू सैल होऊ न देणारा चिकट द्रव) लावून परत बसवा. नव्या हेल्मेटवर ते बरेचदा हाताने फिरतील इतके सैल असतात.